ब्लॅकआऊट झालाच नाही

हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागते तेव्हा नाशकात थंडी पडायला लागलेली असते. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात शिरताना निम्म्या स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असतो. परीक्षकांच्या टेबलावर एक मिणमिणता दिवा. तिकीट परवडणारं, खुर्च्या बऱ्याचशा रिकाम्या, आणि भरलेल्यांत कलाकारांचे काका, मावश्या, सोसायटीतले शेजारी. मला हे सगळं आवडतं. व्यावसायिक नाटकाला जाताना पैसे वसूल झाले पाहिजेत अशी एक चिकट अपेक्षा बरोबर येते. इथे ती घरीच राहते, त्यामुळे काही चांगलं घडलं तर ते वरकड मिळाल्यासारखं वाटतं.

त्या संध्याकाळचं नाटक बेतास बात होतं. द्राक्षबाग विकायची की ठेवायची यावरून दोन भावांत जुंपलेली, मध्ये बहीण, आणि आरामखुर्चीत पडून सगळं ऐकणारे आबा. दुसऱ्या अंकात आबा जाणार हे त्यांनी पहिल्या अंकात छातीला हात लावला तेव्हाच कळलं होतं. माझ्या शेजारच्या बाई त्या प्रसंगाच्या वेळी पिशवीत घराची किल्ली शोधत होत्या. पायाशी ठेवलेल्या त्या पिशवीतून मेथीच्या जुड्या डोकावत होत्या आणि मधूनच तिचा कडवट हिरवा वास येत होता. रंगमंचावर भावांचा आवाज चढला, खुर्चीच्या हातावरून आबांचा हात घसरला, पायातली एक चप्पल निसटून पडली. रेकॉर्ड केलेली बासरी सुरू झाली. बहीण वळली आणि "आबा?" म्हणाली. इथे अंधार व्हायचा होता. नाटकं पाहणाऱ्या कोणालाही ते आधीच कळतं. हात मांडीवरून टाळीसाठी उचललेलेसुद्धा असतात.

अंधार झालाच नाही.

बासरी संपली. दिवे तसेच. आबा तोंड किंचित उघडं ठेवून तसेच पडलेले, दोन्ही भाऊ एकमेकांची नजर टाळत उभे. बहिणीचं काम करणारी मुलगी असेल विशी-बाविशीची. तिला पुढचं वाक्यच नव्हतं, संहितेत पुढे अंधार लिहिलेला. आता ही विंगेत बघणार, असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. ती खाली वाकली, निसटलेली चप्पल उचलली, आबांच्या दुसऱ्या पायातली हलकेच काढली, आणि दोन्ही जोडीनं लावून खुर्चीखाली सरकवून ठेवल्या. मग बहुतेक काहीच सुचेना म्हणून तिथेच फरशीवर बसली. बाहेरून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. मी शेजारी पाहिलं तर किल्ली हातात तशीच धरून त्या बाई रडत होत्या. नाक ओढत नव्हत्या, पदर लावत नव्हत्या, नुसत्या रडत होत्या. मग एकदम, कुणी तरी चापट मारावी तसे दिवे गेले. टाळ्या आल्या, पण उशिरा आणि विस्कळीत. संपल्यावर बाहेर कुणी तरी कुणावर तरी दबक्या आवाजात तापलं होतं, "क्यू खाल्लास तू! अख्खा सीन मेला!"

सीन मेला नव्हता. आबा मेले होते, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

हे वाक्य मला तेव्हा सुचलं असतं तर त्या पोरांना सांगितलं असतं. सुचलं घरी, हात धुताना. आणि मग ते डोक्यातून जाईना, कारण त्याच्या मागे एक अडचणीचा प्रश्न होता. त्या बाईंना रडवलं कुणी? लेखकानं म्हणावं तर त्याचे शब्द संपले होते. दिग्दर्शकानं म्हणावं तर त्याची योजना फसली होती. संगीत थांबलेलं. उरला तो फक्त उजेड, जो जायला हवा होता आणि गेला नाही.

रंगमंचावरची मरणं आपण सोसतो ती बरीचशी या अंधाराच्या भरवशावर, असं मला आता वाटतं. माणूस पडला की दिवे जातात, आणि पुन्हा येतात तेव्हा तेरावा उरकलेला असतो. खऱ्या घरात अशी सोय नसते. तिथे गेलेलं माणूस तसंच असतं, आणि कुणाला तरी त्याचा चष्मा काढून कुठे तरी ठेवावा लागतो. एक जण दाखल्यासाठी डॉक्टरांना फोन लावत असतो, एक जण बर्फाची लादी कुठे मिळेल ते विचारत असतो, आणि गॅसवर दूध आहे हे कुणाच्याच लक्षात नसतं. त्या मुलीनं चपला जोडून ठेवल्या आणि नाटकातलं मरण त्या घरात येऊन पडलं. चपला कुठे ठेवायच्या हा प्रश्न ज्यांना ज्यांना एकदा पडलेला आहे, ते सगळे प्रेक्षक तिथे सापडले. आपल्याला नाटकात किती ओढलं यापेक्षा कधी सोडलं, यात मांडणीची खरी सत्ता असते. ब्लॅकआऊट, पडदा, मध्यंतर, टाळी ही सगळी सुटकेची दारं. ती कुठे ठेवायची आणि किती रुंद उघडायची, यावर आपण घरी काय घेऊन जाणार ते ठरतं.

कालिदास कलामंदिरात मध्यंतरात हे फार मजेशीर दिसतं. पहिल्या अंकाच्या शेवटी ज्यांचे डोळे ओले झालेले असतात तेच लोक थोड्या वेळात बटाटेवड्याच्या रांगेत "दादा, चटणी सुकी द्या" म्हणत असतात. हे मी हिणवून म्हणत नाही, त्या रांगेत मीही असतो. पण काही नाटकांना ती रांग वेगळी लागते. तात्यासाहेब शिरवाडकरांच्या या गावात 'नटसम्राट' पाहणं हा जवळजवळ घरगुती सोहळा असतो. लोक आईवडिलांना मुद्दाम घेऊन येतात. अप्पा बेलवलकरांची स्वगतं पाठ असलेले ज्येष्ठ नागरिक ओठ हलवत बसतात. आणि प्रयोग सुटल्यावर पार्किंगमध्ये पाहावं. गाडी काढायला गेलेला मुलगा जरा जास्तच लगबगीनं येतो, सून सासऱ्यांचा हात धरते, सासरे "अगं राहू दे, मला दिसतंय" म्हणतात. कुणीच काही बोलत नाही. नाटकानं सोडलं असलं तरी घरातल्या माणसांनी अजून एकमेकांना सोडलेलं नसतं. तो हात चार दिवसांनी सुटतो हे मला माहीत आहे. पण चार दिवस म्हणजे काही कमी नाहीत.

प्रेक्षकांना काळोखात बसवायची रीत तशी फार जुनी नाही. जर्मन संगीतकार वाग्नरनं १८७६मध्ये बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात प्रेक्षागृह अंधारं केलं, वादकांचा ताफाही रंगमंचाखाली लपवला, आणि लोकांना पुढे बघण्यावाचून गत्यंतर ठेवलं नाही. आपल्याकडे त्यानंतर चार वर्षांनी, १८८०मध्ये, किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. पण तिथला प्रेक्षक वाग्नरच्या प्रेक्षकासारखा गप्प बसलेला नव्हता. तो दाद देत होता, वन्समोअर मागत होता, आवडलेलं पद संपू देत नव्हता. सुटका कधी व्हायची ते तोच ठरवायचा, आणि नटाला परत मागं ओढून आणायचा. मरायला टेकलेल्या पात्रालाही वन्समोअर मिळायचे असे किस्से जुने लोक रंगवून सांगतात. हसून सांगतात, पण त्या हसण्यात थोडा हेवाही असतो. आपण मात्र काळोखात इतके शहाणे झालोय की शेजाऱ्याच्या मोबाइलचा पडदा उजळला तरी आपला तोल जातो.

या सगळ्याचा हिशेब मांडण्याचा सर्वांत जुना प्रयत्न मला माहीत आहे तो भरतमुनींचा. नाट्यशास्त्र म्हटलं की आपण रस, भाव, मुद्रा एवढंच आठवतो. पण त्यातला सत्ताविसावा अध्याय नाट्य स्पर्धेच्या प्रेक्षकानं खुर्चीत बसून वाचावा असा आहे. त्यात प्रयोगाच्या सिद्धी, म्हणजे तो रंगल्याच्या खुणा, सांगितल्यात आणि घात, म्हणजे त्यात येणारी विघ्नं, सांगितलेत. मानुषी सिद्धी म्हणजे लोकांचं हसणं, "साधु" म्हणणं, "अहो", "कष्टम्" असे उद्गार काढणं, अंगावर रोमांच येणं, जागेवरून उठणं, अंगावरचं वस्त्र काढून नटाला देणं. घातांची यादी तर वाचतच राहावी. वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, मुंग्या हे दैवी. प्रतिस्पर्ध्यांनी केलेला आरडाओरडा, शेणाचे गोळे आणि ढेकळं फेकणं हे दुसऱ्यांनी आणलेले. आणि नटाचं स्वतःचं वाक्य विसरणं, अंगावरचा दागिना गळून पडणं हे आपल्याच अंगचे. हे सगळं टिपून घ्यायला परीक्षक नेमलेले, तेही विषयवार. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञ जाणणारा, युद्धाचा असेल तर धनुर्धर, शृंगाराचा असेल तर गणिका. जिंकणाऱ्याला पताका. म्हणजे आपल्या टेबलावरच्या त्या मंद दिव्याची परंपरा भलतीच लांबची आहे.

या हिशेबानं त्या पोरांचा न झालेला ब्लॅकआऊट म्हणजे आपल्याच अंगचा घात. गुण कापा. पण त्याच अध्यायात भरतमुनींनी दैवी सिद्धीही सांगितलीय. प्रेक्षागृह पूर्ण भरलेलं आहे, आणि शब्द नाही, खळबळ नाही, कसला उत्पात नाही, ती दैवी. आमचं सभागृह भरलेलं नव्हतं हे मान्य. बाकी सगळं होतं. आता परीक्षकानं काय लिहावं? एकाच क्षणी घातही झाला आणि सिद्धीही मिळाली तर वहीत रकाना कुठला? त्या टेबलावर त्या दिवशी काय लिहिलं गेलं ते मला कळायला मार्ग नाही. त्या नाटकाचा पुढच्या फेरीसाठी नंबर लागला नाही, एवढंच पेपरात वाचलं. पहिल्या अंकाकडे पाहता त्यात अन्याय झाला असं म्हणवत नाही.

भरतमुनींनी नाट्यगृहाचं मापही दिलंय. माणसांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद हे मध्यम माप उत्तम, कारण त्याहून मोठं केलं तर आवाज विरतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. त्यातला निम्मा भाग रंगमंचाकडे जातो. दीड फुटाचा हात धरला तर प्रेक्षकांना साधारण अठ्ठेचाळीस फुटांचा चौक उरतो. नाट्यगृह डोंगरातल्या गुहेसारखं असावं, असंही ते म्हणतात. नाशिककराला ही उपमा समजवावी लागत नाही. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून, धापा टाकत विहारात शिरावं आणि काही तरी साधंच बोलावं. शब्द भिंतींना लागून फिरतो, जरा जाड होऊन परत येतो. तिथे कुणी मोठ्यानं बोलत नाही, पाटी लावलेली नसली तरी. जागाच सांगते. आता आपली नाट्यगृहं त्या चौकाच्या कितीतरी पुढे गेली आहेत, बाल्कनीतल्या माणसाला बहिणीचा चेहरा दिसत नाही, म्हणून त्याला बासरी लागते. बासरी म्हणजे लांबच्या माणसाला पाठवलेला निरोप की आता वाईट वाटून घ्या. जवळ बसलेल्यालाही तोच निरोप मिळतो आणि त्याचं डोकं उठतं.

अंधार, बासरी, खुर्च्यांच्या रांगा यातलं काहीच नसेल तर काय होतं, हे पाहायला पेठ-सुरगाण्याकडे जावं. होळीनंतर त्या बाजूच्या गावांत बोहाडे होतात, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवायचे उत्सव. एका गावी मी रात्रभर थांबलो होतो. रंगमंच नावाची गोष्टच नाही. देवळासमोरचा रस्ता, दोन्ही बाजूंना माणसं, पेटलेले टेंभे, आणि संबळ. संबळ लांबून ऐकायचं वाद्य नाही, ते बरगड्यांत वाजतं. एकेक सोंग येतं. गणपती येतो, सरस्वती येते. मग राक्षस आले की पोरं किंचाळत आयांच्या मागे दडतात आणि लगेच डोकावतात. मुखवटा जड असतो, त्याच्या भोकांतून फारसं दिसत नाही, म्हणून सोंगाला धरून चालवायला बरोबर माणूस. नाचता नाचता सोंग कडेला झुकलं की गर्दी मागे सरते, परत पुढे येते. घामाचा, जळत्या तेलाचा आणि धुळीचा मिळून एक वास. मी उभा होतो तिथे पुढ्यात एक म्हातारी होती. एका देवीचं सोंग आलं तशी तिनं चक्क पायावर डोकं ठेवलं. माझ्या शेजारच्या पोराला मी विचारलं, आत कोण आहे? तो म्हणाला, "तिचाच नातू ना." तिला ठाऊक नव्हतं का? चांगलंच ठाऊक होतं. दिवसभर ती त्याच्यावर ओरडली असेल.

शहरातून गेलेल्या माझ्यासारख्याला हे पाहताना दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे मत्सर. नातू आणि देवी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानायची ताकद आपल्याकडे राहिलेली नाही, आपण तिकीट काढून अंधारात बसलो तरच ती थोडी परत येते. दुसरी म्हणजे अस्वस्थपणा. टेंभ्याच्या उजेडात माझाही चेहरा सगळ्यांना दिसत होता. पहाटे थंडीनं आणि जागरणानं डोळे चुरचुरायला लागले, तरी बोहाडा सोडत नव्हता. मध्यंतर नाही, पडदा नाही. देवी आणि महिषासुराची लढाई व्हायचीच आहे, ती झाल्याशिवाय गावही उठत नाही. कंटाळा आला, हो. झोपही आली. पण शेवटी महिषासुर पडला तेव्हा टाळी कुणीच वाजवली नाही. बाया पुढे होऊन देवीला ओवाळत होत्या. टाळी वाजवून मोकळं व्हायचं दार तिथे नाहीच, प्रेक्षक म्हणून गेलेला माणूस ओवाळणाऱ्यांच्या रांगेत कधी ढकलला जातो ते त्याला कळत नाही.

नाशकातल्या एका प्रेक्षकवर्गाला मात्र सुटका भलतीच झाली. २१ डिसेंबर १९०९ची रात्र, विजयानंद नाट्यगृह. कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी 'संगीत शारदा'चा प्रयोग. म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची गोष्ट, देवलांची, त्या काळातल्या घराघरांत दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवणारी. लोक ती पाहायला आले होते, आणि अनंत कान्हेरे जॅक्सनला मारायला पिस्तूल घेऊन आला होता. पुढचं आपण शाळेत शिकलो. पण त्या रात्री तिकीट काढून आलेला एखादा साधा माणूस घरी काय सांगत गेला असेल, हे शाळेत कुणी शिकवलं नाही. शारदेच्या दुःखाची त्यानं मनाशी तयारी केली असणार. तिकीट त्यासाठीच काढलं होतं. ज्या दारानं सुटायचं ते दारच वेगळ्या बाजूला उघडलं. विजयानंदचं पुढे सिनेमाचं थिएटर झालं. जुन्या नाशकातल्या कितीतरी जणांनी तिथे हिरोवर चिल्लर उधळली असेल.

हे सगळं मी माझ्या एका मित्राला सांगितलं. तो प्रकाशयोजना करतो. वर्षातले निम्मे दिवस त्याचे हात डिमरच्या पट्ट्यांवर आणि उरलेले शिडीवर असतात. मला वाटलं, तो खूश होईल, दिव्यांचं एवढं कौतुक कोण करतं? तो वैतागला. म्हणाला, "तू ते एकदा पाहिलंस म्हणून तुला आवडलं. आता कुणी तरी मुद्दाम करेल, मेलेला माणूस उजेडात ठेवेल, हिरोईन चपला लावेल, आणि तिसऱ्या प्रयोगाला लोक घड्याळ बघतील." हे खरं आहे. आम्हाला त्या दिवशी धरलं ते त्या मुलीच्या खऱ्याखुऱ्या अडकण्यानं. ती आमच्याइतकीच सोडवण्याची वाट बघत होती. योजून केलेलं अडकणं प्रेक्षक वासानं ओळखतो. जर्मन नाटककार ब्रेख्तनं दिवे उघडे ठेवले, लख्ख उजेड केला, प्रेक्षकानं भान ठेवून विचार करावा म्हणून. आता तीही एक शैली झाली, आणि आपण त्या लख्ख उजेडातही छान डुलकी काढतो.

"मग तू किती वेळ ठेवतोस?" मी विचारलं. "मरणानंतरचा उजेड."

त्यानं मला वाटलं तसं सेकंदात उत्तर दिलं नाही. दिग्दर्शक सेकंद सांगतात, तो म्हणाला, पण तो ऐकतो प्रेक्षकांकडे. माणूस पडला की सभागृह एकदम थांबतं. मग कुठे तरी पहिला खोकला येतो. तो खोकला म्हणजे कुणी तरी आत गुदमरलं आणि वर आलं. त्याच्या किंचित आधी मालवायचं. आधी म्हणजे किती? ते हाताला कळतं. मुंबईला वेगळं, पुण्याला वेगळं, तालुक्याच्या गावी फारच वेगळं. तिथे लोक बराच वेळ धरून राहतात.

आणि नाशकात?

"नाशकात नोव्हेंबर-डिसेंबरात तो नियम चालत नाही," तो म्हणाला. "तुम्ही लोक तिसऱ्या घंटेपासूनच खोकत असता."